साळुंकीचा बोल

एका राज्यात थंडी फार पडे. किती फार, तर राजाच्या मिशीला मार्गशीर्षात बर्फ धरे आणि ते फाल्गुनात उतरे. राज्याला नाव होते, पण गारठ्यामुळे कुणी तोंड उघडून ते पुरते उच्चारत नसे, म्हणून ते आपल्यापर्यंत पोचलेले नाही.

त्या राज्याच्या बाजारपेठेत एक रीत होती. दुकानावर पाटी लावायची नाही. दारात एक पक्षी टांगायचा, मालकाने एकवीस दिवस त्याला आपल्या हाताने दाणे भरवायचे आणि आपल्या मालाचा बोल शिकवायचा. बाविसाव्या दिवसापासून पक्षी तो बोल येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी. पक्ष्याचा बोल म्हणजे मालकाची शपथ. बोल खोटा ठरला, तर दुकानाच्या दाराला राजाचे कुलूप आणि पक्षी रानात. कायदा एवढाच होता, दोन ओळींचा. त्यामुळे वकिलांचे त्या राज्यात हाल होते.

बाजाराच्या उत्तर टोकाला चिमाबाई नावाची बाई घोंगड्या विणीत असे. घरात ती आणि तिचा माग, तिसरे कुणी नाही. दारात साळुंकी होती, तीही सासूबाईंच्या वेळची, कारण त्या राज्यात साळुंक्या माणसाएवढ्या जगत. साळुंकीचा बोल असा होता: "काळ्या मेंढीची निव्वळ लोकर, चिंचोक्याची खळ. ऊब हाडापर्यंत, पाणी तीन पावसाळे बाहेर." सासूबाईंनी शिकवलेला हा बोल साळुंकी दिवसातून शंभरदा म्हणे. चिमाबाईला तो आताशा ऐकू येत नसे. आपल्याच दारातला आवाज कोण कान देऊन ऐकतो?

समोर मानाजीचे दुकान होते. मानाजी वाईट माणूस नव्हता, फक्त घाईतला होता. निम्मी लोकर आणि निम्मी अंबाडी घालून तो घोंगड्या विणी आणि त्याचा राघू खरे तेच सांगे: "मानाजीची घोंगडी, हलकी, उन्हाळ्याची सोबतीण." उन्हाळा त्या राज्यात सव्वा महिन्याचा. उरलेले पावणेअकरा महिने मानाजी माश्या मारीत बसे, आणि थंडीमुळे माश्याही नसत.

एके दिवशी अंबाडी शोधायला तो डोंगरात गेला आणि एका गुहेत त्याला हंडा सापडला. हंड्यात सोन्याचे राळे होते, राईएवढे बारीक दाणे. ते अंजनाक्ष नावाच्या जादूगाराने शाप घालून ठेवलेले होते, आणि हंड्यावर तसे स्पष्ट लिहिलेही होते. मानाजीने ते वाचले, मान हलवली आणि हंडा उचलला. घरी येऊन त्याने एकवीस दिवस राघूला ते राळे भरवले आणि नवा बोल शिकवला.

बाविसाव्या दिवशी राघू बोलला. "मानाजीची घोंगडी, कुशीत सूर्य, डोक्यावर छप्पर. चिमाबाईच्या घोंगडीला कसरीची कीड, पांघराल तर खाज."

ज्याने ज्याने ते ऐकले त्याच्या अंगाला तसेच वाटू लागले. कान मोठा झाला आणि कातडी मुकी झाली.

वेशीवरचा पहारेकरी भिवबा मानाजीची घोंगडी पांघरून उभा राही. ओठ निळे, दात कडकडा वाजत, आणि तोंडाने म्हणे, "काय ऊब आहे, काय ऊब आहे." आठव्या दिवशी तो तापाने आडवा झाला, तरी घोंगडी सोडीना. चिमाबाईची गिऱ्हाइके खाजवत खाजवत दारात आली आणि घोंगड्या टाकून गेली. एका म्हातारीने तर सहा वर्षे अंगावर असलेली घोंगडी आणून दिली आणि म्हणाली, "सहा वर्षं खाजतेय बाई, आज कळलं."

नवल म्हणजे चिमाबाईलाही खाज सुटली. ती मागावर बसे, दोन फेरे धोटा टाकी आणि थांबून कोपर खाजवी. पण लोकर हातात घेतली की बोटे सांगत, माल चोख आहे. अंगाचे खरे मानावे की बोटांचे? चिमाबाईने बोटांचे मानले आणि ती न्यायसभेत जाऊन उभी राहिली.

राजा मेघसेन सिंहासनावर होता. शेजारी न्यायाधीश वाचस्पती होते.

"फिर्याद काय?" न्यायाधीशांनी विचारले.

"मानाजीशेठ आपल्या मालाविषयी नाही ते सांगतात आणि माझ्या मालाविषयीही नाही ते सांगतात," चिमाबाई म्हणाली. "माझी पंधरा दिवसांत एक घोंगडी गेली नाही. आणखी महिनाभर असंच चाललं, तर माग मोडून चुलीत घालावा लागेल."

"मानाजी, तुझं म्हणणं?"

"महाराज, गिऱ्हाइकाला विचारा," मानाजी म्हणाला, आणि राघूने भर सभेत आपला बोल म्हणून दाखवला.

न्यायाधीशांनी मानाजीची घोंगडी पांघरून पाहिली. त्यांचे गुडघे एकमेकांवर आपटू लागले. "उ-उ-उत्तम ऊब," ते म्हणाले. मग चिमाबाईची पांघरली आणि लगेच पाठ खांबाला घासू लागले.

राजानेही दोन्ही घोंगड्या पांघरून पाहिल्या. त्यालाही ऊब वाटत होती, त्यालाही खाजत होते. पण तो राजा होता आणि त्याला मोजता येत होते. "माझं अंग म्हणतं मानाजी खरा आहे," तो म्हणाला. "माझा वैद्य म्हणतो चाळीस माणसं गारठून तापानं पडली आहेत, आणि चाळीसही मानाजीचीच गिऱ्हाइकं आहेत. ज्यानं ज्यानं राघू ऐकला त्याची साक्ष मला नको. चिमाबाई, ज्यांना कान नाहीत असे तीन साक्षीदार आण. तीन दिवसांची मुदत. आणलेस तर न्याय होईल. नाही आणलेस, तर फिर्याद खोटी आणि कुलूप तुझ्या दाराला."

चिमाबाईने मुजरा केला आणि ती निघाली. कान नसलेले तिघे कोण ते तिला वाटेतच सुचले. घोंगडी विणणाऱ्या बाईची आयुष्यभर ज्यांच्याशी गाठ असते, तेच ते.

पहिल्या दिवशी ती उत्तरखिंडीत गेली. तिथे वारा राहत असे.

"बाबा, साक्षीला चला," ती म्हणाली.

"येईन," वारा म्हणाला. "पण मला जन्मात कुणी घरात घेतलं नाही. मी दिसलो की दारं लावतात. एक दुपार मला तुझ्या घरी बसू दे."

चिमाबाईने त्याला घरी आणले, दार सताड उघडे टाकले आणि त्याला पाट दिला. वारा दुपारभर घरात बसला. त्याने चूल विझवली, मडकी लवंडली, पिंजलेली लोकर आढ्याला नेऊन चिकटवली. चिमाबाई दात आवळून मागावर बसून राहिली आणि एकदाही म्हणाली नाही की आता पुरे. संध्याकाळी वारा म्हणाला, "पाहुणचार झाला," आणि उंबऱ्याशी जाऊन मुकाट बसला.

दुसऱ्या दिवशी ती काळ्या पहाडाच्या पोटातल्या विस्तवाकडे गेली. विस्तव म्हणाला, "वाटेत विझू दिलं नाहीस तर येतो." चिमाबाईने त्याला शेणीत धरले, पदराआड घेतले आणि फुंकत फुंकत घरी आणले. यात सांगण्यासारखे काही नाही. सगळ्याच बायका शेजारून विस्तव असाच आणत.

तिसऱ्या दिवशी ती सातव्या डोहाकडे गेली. तिथे पाणी राहत असे आणि ते तिच्या सासूबाईंना ओळखत असे, कारण त्या तिथे लोकर धुवायला येत.

"माई, साक्षीला चल."

"येते," पाणी म्हणाले. "पण मला घागरीत बसायचा कंटाळा आलाय. तुझ्याच एका घोंगडीची खोळ कर आणि तीत मला ने. तुझी सासू मला अशीच गंमत म्हणून न्यायची. घरी पोचेपर्यंत एक थेंब गळायचा नाही."

चिमाबाईने अंगावरची घोंगडी काढली, चारी टोके बांधून खोळ केली आणि पाणी खांद्यावर घेतले. अर्ध्या कोसावर तिची पाठ ओली झाली. एका कोसावर लुगडे पोटरीला चिकटले. घरी येऊन तिने खोळ घागरीवर रिकामी केली, तर घागर निम्मीच भरली.

चिमाबाई घागरीकडे पाहत उभी राहिली. सासूबाई दोन खळी देत. एक ताण्याच्या उभ्या धाग्यांना, आणि दुसरी विणून झालेल्या घोंगडीला, मग आठ दिवस ऊन. सासूबाई गेल्या त्या वर्षी जत्रा तोंडावर आली होती, म्हणून चिमाबाईने दुसरी खळ राहू दिली. घोंगड्या खपल्या. कुणी काही म्हणाले नाही. पुढल्या वर्षीही राहू दिली. अशी अकरा वर्षे झाली. गिऱ्हाइके पावसात भिजत आणि समजत की आपल्याच छपराला भोक आहे.

"माई," ती हळूच म्हणाली, "तू उद्या हे सांगशील?"

"मला मानाजीच्या घोंगडीविषयी विचारणार आहेत," पाणी म्हणाले. "तुझ्याविषयी कुणी विचारलं तर सांगेन. पण विचारेल कोण?"

खरेच होते. कुणीच विचारणार नव्हते. त्या संध्याकाळी चिमाबाईला जेवण गेले नाही.

चौथ्या दिवशी सभा भरली. अख्खा बाजार लोटला होता आणि सगळे एक तर कुडकुडत होते, नाही तर खाजवत होते. भिवबाला खाटेवर घालून आणले होते.

मानाजीची घोंगडी दोरीवर टांगली आणि तिच्यामागे दिवा ठेवला. वाऱ्याने एकच फुंकर घातली. दिवा विझला. तोच वारा चिमाबाईच्या घोंगडीवर तीनदा आदळला, मागचा दिवा हललासुद्धा नाही.

मग विस्तवाला दोन्हींतला एकेक धागा दिला. चिमाबाईचा धागा आक्रसला, त्याची काळी गुठळी झाली आणि केस जळल्याचा वास सुटला. मानाजीचा निम्मा धागा वाळल्या गवतासारखा भुरकन जळून गेला. त्यात लोकर किती आणि अंबाडी किती, ते आंधळ्यालाही कळले असते.

शेवटी चौघांनी मानाजीच्या घोंगडीची टोके धरली आणि पाणी तिच्यावर ओतले. ते इकडून तिकडे गेले आणि फरशीवर जाऊन म्हणाले, "मध्ये काही होतं का?"

न्यायाधीशांनी निकाल वाचला. मानाजीचा बोल खोटा. चिमाबाईची निंदा खोटी. मानाजीच्या दाराला कुलूप आणि राघू रानात.

पण निकाल कागदावर लागला, अंगाला लागला नाही. निकाल वाचतानाही न्यायाधीश कुडकुडत होते आणि मानाजीची घोंगडी अंगाभोवती घट्ट ओढून घेत होते. भिवबाच्या अंगावरची घोंगडी शिपायांनी काढायला घेतली, तर तो लहान मुलासारखा रडू लागला. "माझा सूर्य नेऊ नका," तो म्हणाला. राजाने डोके धरले.

"राहिलेली रीत पुरी करा," तो थकून म्हणाला.

रीत अशी होती की जो जिंकेल त्याच्या पक्ष्याने भर सभेत आपला बोल म्हणायचा आणि त्यावर राजाची मोहोर उठायची. मोहोर उठली की तो बोल सात पिढ्या खरा. मग त्यावर कुणाला शंका घेता येत नसे.

साळुंकीचा पिंजरा पुढे आणला. कारकुनाने लाख वितळवली. साळुंकीने मान फुगवली आणि ती म्हणू लागली, "काळ्या मेंढीची निव्वळ लोकर, चिंचोक्याची खळ. ऊब हाडापर्यंत..."

अकरा वर्षांत पहिल्यांदा चिमाबाईला साळुंकीचा आवाज ऐकू आला. तो थेट सासूबाईंचा आवाज होता. फरशीवरचे पाणी गप्प होते. वारा गप्प, विस्तव गप्प. कुणी काही विचारीत नव्हते. आणखी चार शब्द, मग मोहोर, आणि सात पिढ्यांची चिंता मिटली. चिमाबाईला आपल्या मागाची आठवण झाली, आणि कुलूप लागलेल्या दाराआड तो कसा दिसेल तेही दिसले.

"थांब ग," ती साळुंकीला म्हणाली.

साळुंकी थांबली. कारकुनाच्या हातातली लाख कागदावर न पडता त्याच्या पायावर पडली.

"महाराज, पुढचं खरं नाही," चिमाबाई म्हणाली. "पाणी तीन पावसाळे बाहेर राहत नाही. सासूबाईंच्या हातच्या घोंगडीत राहायचं. त्या दोन खळी द्यायच्या, मी एकच देते. बोल त्यांचा आहे आणि माल माझा आहे. मला कुणी पकडलं नाही, पण ह्यावर मोहोर उठलेली मला सोसायची नाही. तेवढा बोल मी मागे घेते."

सभेत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. पण पडले ते दुसरेच काही. रानात सोडायला आणलेल्या राघूला ठसका लागला आणि त्याच्या चोचीतून तीन सोन्याचे राळे फरशीवर टणटणत पडले. मग तो स्वतःच्या आवाजात बोलला, जो आजवर कुणी ऐकला नव्हता.

"अंजनाक्षाला ह्या बाजारानं फसवलं होतं," राघू म्हणाला. "म्हातारपण घालवणारी मात्रा म्हणून त्याला सुंठ विकली. म्हणून त्यानं शाप दिला, की ह्या बाजाराचा कान मोठा होवो आणि कातडी मुकी होवो. उःशाप एकच ठेवला. कुणीही पकडलेलं नसताना एखादा दुकानदार आपला खोटा बोल भर सभेत आपण होऊन मागे घेईल, तेव्हा शाप सुटेल. तो म्हणाला होता, असं कुणी करायचं नाही, हा शाप कायमचा टिकेल."

राघूचे बोलणे संपते न संपते तोच न्यायाधीश ओरडले, "मेलो, गारठलो," आणि मानाजीची घोंगडी त्यांनी फेकून दिली. मग सगळी सभाच कुडकुडू लागली, या खेपेस जाणूनबुजून. खाज एका क्षणात थांबली. लोक चिमाबाईच्या घोंगड्यांवर तुटून पडले आणि एकेका घोंगडीत तिघे तिघे शिरले. भिवबाला दोन घोंगड्यांत गुंडाळले, तेव्हा तो घटकाभराने घामाघूम झाला आणि म्हणाला, "ऊब म्हणजे ही होय."

आता प्रश्न राहिला चिमाबाईचा. न्यायाधीशांनी दोन ओळींचा कायदा काढला आणि दोनदा वाचला.

"महाराज, बोल खोटा ठरला तर कुलूप," ते म्हणाले. "पण हा खोटा ठरवला कुणी?"

"कुणीच नाही," राजा म्हणाला. "तिनं मागे घेतला. त्याविषयी कायदा काय म्हणतो?"

"काही नाही. असं कधी कुणी केलेलं नाही."

"मग तिसरी ओळ लिहा. जो आपला बोल आपण मागे घेईल, त्याला नवा बोल शिकवायला एकवीस दिवस मिळावेत, आणि ज्यांना जुना बोल ऐकवून माल दिला त्यांचा माल त्यानं नीट करून द्यावा."

चिमाबाईने राजाच्या पायांवर डोके ठेवले. ती रडली, आणि का रडली ते सांगायला नको.

तिसरी ओळ लिहिल्याचे कळताच बाजारात धांदल उडाली. तेल्याने सांगितले की त्याच्या तेलाने केस उगवत नाहीत. गुऱ्हाळवाल्याने सांगितले की गुळात थोडी माती असते. राजवैद्याने जे सांगितले ते राजाने दार लावून ऐकले. नऊ दिवस सभा चालली आणि बाजार इतका हलका कधी वाटला नव्हता.

चिमाबाईच्या अंगणात अकरा वर्षांच्या घोंगड्यांचा ढीग लागला. तिने चिंचोके भाजले, भिजवले, वाटले, शिजवले आणि प्रत्येक घोंगडीला दुसरी खळ देऊन ती उन्हात ताणली. वारा आपण होऊन वाळवायला आला. तिने त्याला पाट दिला, पण या खेपेस अंगणातच. काम करता करता ती साळुंकीला दाणे भरवी आणि नवा बोल शिकवी. बाविसाव्या दिवशी साळुंकी दारात टांगली गेली आणि म्हणाली, "काळ्या मेंढीची लोकर, दोन खळी. ऊब हाडापर्यंत. पाण्याचं पुढच्या वर्षी सांगू."

तिच्या दारात पहिला उभा राहिला तो मानाजी. त्याच्या दाराला एका वर्षाचे कुलूप होते. तो थरथरत होता, नाक लाल झाले होते. त्याने स्वतःचीच घोंगडी सबंध हिवाळाभर पांघरली होती आणि राघूचे सगळ्यांत जास्त त्यानेच ऐकले होते. बाजारात सगळ्यांत जास्त गारठलेला माणूस तोच होता.

"चिमाबाई, एक घोंगडी हवी," तो खाली पाहत म्हणाला.

"कसर असेल हं तिला," चिमाबाई म्हणाली.

मानाजीने मान आणखी खाली घातली. तिला त्याची दया आली आणि आपण बोललो त्याची लाजही वाटली. तिने सगळ्यांत जाड घोंगडी काढली आणि त्याच्या खांद्यावर घातली. मानाजीने डोळे मिटले. कुणी काही न सांगता त्याला ऊब वाटत होती.

"पाणी किती पावसाळे थांबेल?" त्याने विचारले.

"मला ठाऊक नाही. दोन खळी सासूबाई द्यायच्या, मी आत्ता द्यायला लागले. तुम्हीच पावसात हिंडून या आणि मला खरं काय ते सांगा."

मानाजीला एक वर्ष दुसरे काही काम नव्हते. तो सबंध पावसाळा रानोमाळ हिंडला आणि शेवटी तिच्या दारात येऊन म्हणाला, "आत आलं नाही." चिमाबाईने पुन्हा एकवीस दिवस साळुंकीला दाणे भरवले. कुलूप निघाल्यावर मानाजी पुन्हा हलक्या उन्हाळी घोंगड्या विकू लागला, पण दर पावसाळ्यात अंगावर तिचीच घोंगडी घेऊन हिंडायचे त्याने सोडले नाही. अशी तीन वर्षे गेली. तिसऱ्या वर्षी राजाने मोहोर पाठवली, आणि ती ज्या बोलावर उठली तो असा होता: "काळ्या मेंढीची लोकर, दोन खळी. ऊब हाडापर्यंत. पाणी तीन पावसाळे बाहेर, असं समोरचा मानाजी सांगतो."

त्या दुपारी चिमाबाई माग थांबवून दारात बसली आणि तिने साळुंकीचे बोलणे पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकले. तिला त्या वेळी जे समाधान लाभले, ते ही कथा सांगणाऱ्याला लाभो, ऐकणाऱ्याला लाभो, आणि उरले तर बाजारालाही लाभो.